ढोलकी थांबल्यानंतर

आनंद यादव यांची ‘नटरंग’ ही कादंबरी मी प्रथम वाचली ती विद्यार्थिदशेत, तमाशाची एक कथा म्हणून. भाषाविज्ञानाच्या अध्ययनानंतर ती पुन्हा हाती घेतली, तेव्हा तिचे मर्म मला निराळ्याच ठिकाणी जाणवले.

कादंबरीचा नायक गुणा हा कागलकडचा शेतमजूर. पैलवानी देहाचा हा तरुण ढोलकीच्या तालाने झपाटलेला आहे. तो फड उभारू पाहतो. परंतु नाच्यावाचून फड उभा राहत नाही आणि नाच्या होण्यास कोणीही धजत नाही. अखेर ती भूमिका तो स्वतःच पत्करतो. रंगमंचावर त्याला टाळ्या मिळतात. गावात मात्र कुचेष्टा वाट्याला येते आणि संसार विस्कटतो.

2010 साली प्रदर्शित झालेल्या रवी जाधव यांच्या चित्रपटामुळे ही कथा घरोघरी पोहोचली आणि अजय-अतुल यांच्या संगीतातील गाणी सर्वतोमुखी झाली. गाणे संपल्यावर गाणाऱ्याचे काय होते, हा प्रश्न मात्र कादंबरी वाचताना अधिक छळतो.

त्या प्रश्नाने मला राजुऱ्यातील बालपणाकडे नेले. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात दंडार आणि खडीगंमत यांतील स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करीत आले. आमच्या वस्तीतही असा एक कलावंत होता. रात्री त्याच्या गाण्यावर सारे डोलत. सकाळी तो बैल घेऊन शेताकडे निघाला, की आम्ही मुले मागून ओरडत असू, “कुठं चालली गं?” तो मान खाली घालून निघून जाई.

‘चालला’ आणि ‘चालली’ यांत अंतर एका स्वराचे. सीमेपलीकडच्या तेलुगूत समोरच्याला ‘तू’ म्हणून हाच प्रश्न विचारताना क्रियापद लिंग दर्शवीत नाही. मराठीत ते दर्शवावे लागते. तथापि दोष व्याकरणाचा नव्हता, आमचा होता. रात्री संगीताच्या साथीने जे रूप आम्ही त्याच्याकडून आनंदाने स्वीकारले, तेच सकाळी शिवीसारखे त्याच्यावर भिरकावले. त्याची क्षमा मागण्याचे धैर्य मला झाले नाही. आज तो हयात नाही.

म्हणून एक विनंती करतो. ‘नटरंग’ वाचताना गुणाला कोण, केव्हा, कोणत्या शब्दांनी संबोधतो, याची नोंद ठेवा. आणि त्या शब्दांपैकी आपण स्वतः कोणते वापरले आहेत, हेही एकदा आठवून पाहा.