शंभर येनचा मुळा

वाचकहो, जपान म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे ती वाऱ्यासारखी पळणारी आगगाडी येणार. मी तिच्यात दोनदाच बसलो. त्सुकुबाला प्रशिक्षणासाठी आठ महिने राहिलो, तेव्हा परक्या मुलखात मन रमलं ते अगदी साध्या गोष्टींत.

त्सुकुबा टोकियोच्या ईशान्येला, इबाराकी प्रांतात. वस्ती सोडून मैलभर चाललं की भातखाचरं लागतात. रस्त्याच्या कडेला एक लाकडी फळी, वर पत्रा. फळीवर मुळे, पातीचा कांदा, पालकाच्या जुड्या. विकणारा कुणी नाही! शंभर येन, म्हणजे आपले पन्नास-साठ रुपये, डब्यात टाकायचे आणि जुडी उचलायची. फोनवर हे सांगितलं तेव्हा सौ.चा पहिला प्रश्न, "अन् डबाच कुणी उचलून नेला तर?" नेतातही. त्यापायी काही शेतकऱ्यांनी कुलुपाचे कप्पे केलेत, कॅमेरे लावलेत. पण साधी फळीही पुष्कळ ठिकाणी टिकून आहे. ओळख ना पाळख, तरी कुणी आपल्यावर भरवसा टाकलाय, या जाणिवेनं तो मुळा हातात घेताना फार बरं वाटायचं.

हिवाळ्यात फळीवर रताळ्याचे वाळवलेले काप येत. रताळी वाफवायची, सोलायची, काप करून काही दिवस थंड कोरड्या वाऱ्यात सुकवायची. चिवट, पण गुळासारखे गोड. इबाराकी प्रांत यासाठी साऱ्या जपानात नावाजलेला. माझ्या एकादश्या त्यांच्यावरच निभावल्या. आपल्याकडे रताळ्याचा भाव पडला की हा उद्योग करता येईल का, असं मनात येतंच. मात्र तशी थंडी आपल्याकडे नाही, तेव्हा आधी चार किलोंवर करून पाहावं.

तिथलं न्हाणं तुम्हाला विचित्र वाटेल. बाहेर साबण लावून स्वच्छ व्हायचं आणि मग कढत पाण्याच्या टबात गळ्यापर्यंत बसायचं. घरातल्या सगळ्यांना तेच पाणी. नाक मुरडू नका, बरं का! उरलेल्या पाण्यात पुष्कळ घरी कपडे धुतात. टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला हे पटतं.

माझ्या वाटेवरच्या फळीची मालकीण ऐंशीच्या घरातली. २०२० च्या शेतीगणनेत तिथल्या मुख्यत्वे शेतीवर राबणाऱ्यांचं सरासरी वय ६७.८ वर्षं निघालं होतं. आजीबाईंचा मुलगा टोकियोत नोकरीला, शेजारचं खाचर पडीक. दुभाष्यामार्फत विचारलं, "आजी, शंभर येनात परवडतं का?" म्हणाल्या, "खाणारी मी एकटी. सवयीनं पेरते सगळ्यांपुरतं."

त्यानंतर मी नाणं डब्यात वाजेल असं टाकू लागलो. आजीबाई वाफ्यात वाकलेल्या असल्या तरी तिथूनच हात वर करायच्या.