मेणाचे हात

सप्टेंबरात वांद्र्याच्या टेकडीवर माउंट मेरीची जत्रा भरते. 8 सप्टेंबरला येशूची आई मारिया हिचा जन्मोत्सव, आणि त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर चर्चचा चढ माणसांनी फुलून जातो. कडेच्या दुकानांत मेणबत्त्यांच्या शेजारी मेणाचे अवयव मांडलेले असतात. हात, पाय, तान्हं बाळ, छोटंसं घर. पाय दुखणारा पाय विकत घेतो, मूल हवं असणारी बाळ घेते. ख्रिस्त्यांच्या बरोबरीने हिंदू, मुसलमान, पारशीही तितक्याच श्रद्धेने चढ चढतात. त्यांच्यातल्या अनेकांची या धर्माशी ओळख होते ती इथेच, आणि पुष्कळदा ती इथेच थांबते. मग समजूत रुजते की मारिया ही ख्रिस्त्यांची देवी, तिला नवस बोलायचा, ती पावली की फेडायचा.

कॅथलिक शिकवणुकीत मारिया देवी नाही. इ.स. 787 मध्ये नायसियाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने मूर्ती आणि चित्रांपुढे व्यक्त होणारा आदर वेगळा आणि फक्त परमेश्वराला अर्पण करायची आराधना वेगळी, असं स्पष्ट ठरवून दिलं. मारियेकडे भाविक मागतो ते एवढंच, की तिने त्याच्यासाठी आपल्या पुत्राकडे प्रार्थना करावी. प्रॉटेस्टंट मंडळींना तर हेही मान्य नाही. नगरकडे अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेत वाढलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत मारियेविषयी आदर आहे, पण तिच्याकडे मागणं नाही. ‘ख्रिस्ती लोक असं मानतात’ म्हणताना कुठले ख्रिस्ती, हा प्रश्न म्हणूनच आधी विचारावा लागतो.

देवाशी देवाणघेवाण चालते, ही समजूत पापाच्या कबुलीबाबत आणखी घट्ट आहे. तिला सिनेमाने बळ दिलं. जाळीपलीकडे फादर, अलीकडे गुन्हेगार. दोन वाक्यं बोलून तो मोकळा. पाप करा, सांगा, पुन्हा करा, असा हा धर्म सोपा असल्याचं मग सहज बोललं जातं. प्रत्यक्षात जाळीपुढे जाण्याआधी आत्मपरीक्षण करावं लागतं. केल्याचा मनापासून पश्चात्ताप हवा, पुन्हा न करण्याचा निश्चय हवा, आणि नंतर सांगितलेलं प्रायश्चित्त पुरं करायला हवं. चोरी केली असेल तर चोरलेलं परत करायचं, कुणाची बदनामी केली असेल तर ती शक्य तितकी भरून काढायची. पश्चात्तापच नसेल तर फादरने उच्चारलेल्या क्षमेला अर्थ उरत नाही. ऐकणाऱ्यावरचं बंधनही तितकंच कडक आहे. कबुलीतलं गुपित थेट फोडणारा धर्मगुरू त्या क्षणीच बहिष्कृत होतो.

हे सगळं खरं असलं तरी ही गैरसमजूत निव्वळ बाहेरच्यांनी रचलेली नाही, हे सांगितलंच पाहिजे. सोळाव्या शतकाच्या आरंभी रोममध्ये सेंट पीटर्सचं बांधकाम सुरू होतं आणि त्यासाठी जर्मनीत योहान टेट्झेल पापदंडमाफीची पत्रं पैसे घेऊन वाटत फिरत होता. 1517 मध्ये मार्टिन ल्यूथरने याच व्यवहारावर बोट ठेवलं आणि पश्चिमेकडचं चर्च दुभंगलं. पुढे पाचवे पायस या पोपनी 1567 मध्ये पैशाशी जोडलेल्या सगळ्या दंडमाफ्या रद्द केल्या. तरी तारण पुण्याईने मिळतं की कृपेने, हा मूळ वाद मिटायला फार काळ गेला. 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्गला ल्यूथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या: माणूस देवाला स्वीकार्य ठरतो तो स्वतःच्या पुण्याईने नव्हे, केवळ कृपेने.

हीच कृपा लूकच्या शुभवर्तमानातल्या एका गोष्टीत दिसते. तिथे जक्कय नावाचा श्रीमंत जकातदार आहे. बुटका, म्हणून येशूला पाहायला तो उंबरावर चढतो. येशू त्याला खाली बोलावतो आणि ‘आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे’ अशा अर्थाचं काही म्हणतो. जक्कयने अजून काहीच कबूल केलेलं नसतं. गाव कुरकुरतं. त्यानंतर जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचं आणि लुबाडलेल्यांना चौपट परत करण्याचं जाहीर करतो. या गोष्टीतला क्रम मोलाचा आहे. आधी स्वीकार, मग परतफेड. नवसात मात्र स्वीकाराआधीच परतफेडीचा शब्द दिलेला असतो.

हा क्रम आतल्या माणसालाही पटकन उमगतो असं नाही. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांनी पत्रांतून त्रैक्यासारख्या सिद्धान्तांवर कडाक्याचा वाद घातला, बुद्धीला न पटणारं केवळ अधिकारवाणीने सांगितलं म्हणून स्वीकारलं नाही. 1907 च्या आपल्या आत्मनिवेदनात त्या लिहितात की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षं त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तारण कमवायचं नसतं, ते दान आहे, हे त्यांना उमगलं ते सुमारे आठ वर्षांनी. पुढे 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, उपासमारीने खंगलेल्या मुलींना घेऊन आल्या, आणि केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. ते आजही चालू आहे.