दोन नोंदवह्या आणि एक मीटर

धर्मग्रामाच्या कचेरीत दोन जाड नोंदवह्या असतात, एक स्नानसंस्कारांची आणि दुसरी अंत्यविधींची. अलीकडे पहिलीची पाने सावकाश भरतात, दुसरीची लवकर. वसईतील जुन्या धर्मग्रामांत सेवा केलेल्या कोणाही धर्मगुरूला याचे नवल वाटू नये.

देशभराचे आकडेही तेच सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 1992-93 साली भारतातील ख्रिस्ती स्त्रीमागे सरासरी 2.9 अपत्ये होती. 2019-21 मध्ये हे प्रमाण 1.9 वर आले. एका पिढीची जागा दुसरीने भरून काढायची, तर 2.1 लागतात. अर्थात हे आपल्यापुरतेच नाही. त्याच पाहणीत साऱ्या देशाची सरासरीही 2.0 होती. 2021 साली केरळातील पाला धर्मप्रांताने पाच वा अधिक मुलांच्या कुटुंबांना दरमहा दीड हजार रुपयांची मदत जाहीर केली, तेव्हा ‘‘फादर, आपण केव्हा?’’ असे मलाही विचारले गेले. दीड हजारांवर पाळण्याचा निर्णय घेणारे जोडपे मी तरी अद्याप पाहिलेले नाही.

याच्या नेमके उलट बोलणारेही भेटतात. ‘‘माणसे कमी होताहेत हे बरेच झाले. पृथ्वी तापते आहे, तिचा भार तरी हलका होईल.’’ हे बोलणे सुशिक्षितांच्या तोंडी अधिक ऐकू येते, आणि मला ते अधिक खटकते.

आमच्या आजोबांच्या काळी एका छपराखाली बारा-चौदा माणसे नांदत. ओटीवर एक दिवा, वाडीतल्या विहिरीवर रहाट. पुढे रहाट गेला, विजेचे पंप आले, टँकर भरू लागले आणि कित्येक विहिरींचे पाणी मचूळ झाले. आज त्याच जागी टुमदार बंगला आहे. आत माणसे तीन, वातानुकूलन यंत्रे चार, दारात दोन मोटारी. स्नानसंस्काराच्या वहीत त्या घराचे नाव क्वचित येते. विजेचा मीटर मात्र पळतोच आहे. जगाकडे पाहिले तरी हेच. एका भारतीयामागे वर्षाला सुमारे 2 टन कर्बवायू हवेत जातो, एका अमेरिकनामागे सुमारे 14 टन. तेव्हा भार डोक्यांनी मोजायचा की वापराने? पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात याच मुद्द्यावर बोट ठेवले होते: लोकसंख्येला दोष देणे ही मूठभरांच्या उधळपट्टीकडे काणाडोळा करण्याची एक रीत आहे.

आपले बटण दाबले की राख कोठे तरी दूर, चंद्रपूरसारख्या ठिकाणी पडते. 2025 च्या मध्यास देशातील वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी कोळसा-तेल-वायूखेरीज अन्य स्रोतांची झाली, ही आनंदाची गोष्ट. परंतु प्रत्यक्ष विजेचा सुमारे 70 टक्के भाग अजूनही कोळशावरच निघतो. दिवे लावायची वेळ होते तेव्हा सूर्य मावळलेला असतो. शिवाय कोळसा टाळला म्हणजे किंमत टळली, असेही नाही. आपल्याच पालघर जिल्ह्यात तारापूरच्या अणुप्रकल्पाचा विस्तार झाला, तेव्हा अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली.

हे सारे पटल्यावर मी उधळपट्टीवर कडक प्रवचन करावे, हे ओघानेच आले असते. परंतु पहिल्या शुक्रवारी मी आजारी माणसांना ख्रिस्तशरीर द्यायला जातो आणि तेथे हिशेब चुकतो. ऐंशी ओलांडलेली एक आजी मोठ्या घरात एकटी राहते. मुलगा कॅनडाला. एप्रिल-मे महिन्यांत आपली हवा अशी दमट की घाम वाळत नाही, अंग निवत नाही. म्हाताऱ्या हृदयाला हे जड जाते. मुलाने मोठ्या मायेने यंत्र बसवून दिले आहे. तो फोनवर विचारतो, ‘‘माय, एसी लावतेस ना?’’ ती ‘‘हो रे बाबा’’ म्हणते आणि लावत नाही. बिलाची भीती. मुले थोडी, वृद्ध फार आणि उन्हाळे कडक, या तिन्ही गोष्टी त्या एका खोलीत एकत्र येतात. तिला मी काटकसर सांगू? त्याच आठवड्यात आमच्या वातानुकूलित सभागृहात दोन लग्ने होती, दारे सताड उघडी.

धर्मग्राम परिषदेपुढे सध्या दोन सूचना आहेत. एक, सभागृहाच्या छपरावर सौरपट्ट बसवावेत. व्हॅटिकनमधील पॉल सहावे सभागृहावर 2008 सालीच सुमारे 2,400 पट्ट बसले, तेव्हा आपण घाई करीत आहोत असे कोणी म्हणू नये. दुसरी सूचना महिला मंडळाची: उन्हाळ्याचे दोन महिने दुपारी एक थंड खोली एकट्या वृद्धांसाठी उघडी ठेवावी, तरुणांनी त्यांना रिक्षाने आणावे, चहा द्यावा, संध्याकाळी घरी पोचवावे. पहिलीवर पैशांचा वाद झाला, तरी सोमवारी छपराची मापे घ्यायला माणूस येणार आहे. दुसरीला कोणाचाच विरोध नाही. तळमजल्यावरची खोली त्यासाठी योग्य आहे. फक्त तिथे सध्या सणाच्या मंडपाचे बांबू ठेवलेले आहेत आणि ते हलवायचे कोणी, यावर पुढल्या रविवारी बैठक आहे.