बोटीवरचा रिकामा दिवस

शेतकऱ्याच्या घरी रिकामा दिवस म्हणून नसतो. सण असो की सुतक, गोठ्यातले काम कोणाला चुकत नाही. त्यामुळे मोठाल्या पर्यटन बोटींची चित्रे पाहून आमच्या गावच्या बायका मला विचारतात, "सायबानू, या बोटीर लोकां दिसभर करतत तरी काय?" 2018 च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा 'आंग्रिया' बोट सुरू झाली, तेव्हा तिच्यावरच्या पोहण्याच्या हौदाचे भारी कौतुक झाले होते. मी मात्र त्यांना आमच्या जुन्या बोटीची गोष्ट सांगतो.

'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' ही नावे पन्नाशी ओलांडलेल्या मंडळींना आठवतील. मालवणला बोट खोल पाण्यात उभी राही. माणसे, ट्रंका, वळकट्या आणि हंगामात आंब्याच्या पेट्या पडावातून तिच्यापर्यंत जात. पावसाळ्यात सारेच बंद. भाऊचा धक्का येईपर्यंत एक रात्र पाण्यावर काढावी लागे. डेकवर चटई पसरली की तेच आपले घर.

माझे वडील मुंबईला गिरणीत होते. दिवाळीला गावी येत, पण आले की भातकापणी, झोडणी, देणीघेणी. परत जाताना आम्हांला काही दिवस सोबत नेत. तिथे पोचले की त्यांची पाळी सुरू. वर्षात वडील हाती काम नसताना आमच्यात बसले आहेत, असा प्रसंग एकच, तो बोटीवरचा.

तिथे करमणुकीची सोय कसली? ज्याची त्यानेच करायची. अंधार पडला की वडील आम्हांला कठड्याजवळ नेऊन दीपगृहे दाखवीत. देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी, जयगड. प्रत्येक दिव्याची उघडझाप वेगळी असते आणि तीवरूनच खलाशी ठिकाण ओळखतो. आम्ही आकडे मोजून दिवा ओळखायचा, हा आमचा खेळ. कधी बोटीमागचे पाणी निळसर चमके. समुद्रातले सूक्ष्म जीव डिवचले गेले की उजेड टाकतात, हे मी पुढे कॉलेजात शिकलो; तेव्हा वडील एवढेच म्हणत, "बघून घे, मुंबईत ह्या गावाचा नाय."

एका कोपऱ्यात चाकरमान्यांचे भजन रंगे. मुले कोडी घालीत. कोणाला बोट लागली तर शेजारीण लिंबू कापून देई. बायकांच्या फडक्यांतून घावणे, चटणी, खाजे इकडून तिकडे फिरे. एकदा वेंगुर्ल्याच्या एका बाईने आईला तांबड्या भाजीचे बी दिले आणि कधी पेरायचे, किती पातळ टाकायचे, तेही समजावले. आईने ते पदराला बांधले. पुढे कृषी पदवी घेऊन मी विस्ताराच्या नोकरीत लागलो. पण बियाणे आणि सल्ला एकत्र द्यावा, हा धडा मला त्या डेकवरच मिळाला.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि वडील कायमचे गावी आले. तेव्हा कितीतरी घरांत बाप परत आला, पण मुलांना तो पाहुण्यासारखाच वाटे. काय बोलावे, त्यालाही कळत नसे नि मुलांनाही. आमच्या घरी तसे झाले नाही. आम्ही त्यांना ओळखत होतो. त्या मोजक्या रात्रींची ती पुण्याई.

1998 पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. प्रवास सोपा झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण एका बाकावर बसलेले चौघे जण आपापल्या मोबाईलमध्ये डोके घालतात, तेव्हा जीव हळहळतो. वाचकहो, भात घरात आले की एखादा दिवस मोकळा काढा. मुलांना घेऊन सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीत बसा, नाहीतर संध्याकाळी किनाऱ्यावर जा. बापाने मुलांना आपल्याला ठाऊक असलेले काहीतरी दाखवावे, मुलांनी बापाला कोडे घालावे. त्याला तिकीट लागत नाही, आणि त्याचे पीक पुढे किती वर्षे येते, ते मी पाहिले आहे.