तम्माला सुरतेला नेलं तेव्हा

सुरतेत राहून मला आता एकोणतीस वर्षं होत आली. मूळचे आम्ही निपाणीकडचे. इथल्या लिंबायत, उधना, पांडेसरा भागात फिरलं की जळगाव-धुळ्याकडची अहिराणी कानावर पडते, मागांवर काम करणारे गंजामचे ओडिया भेटतात. पण आपल्या बाजूचं, कानडी हेलाचं मराठी बोलणारा माणूस विरळाच. म्हणून २०१६ च्या जूनमध्ये अक्काच्या मुलाला कॉलेजसाठी सुरतेला न्यायचं मी ठरवलं, त्यात माझा थोडा स्वार्थ होता हे आधीच कबूल करतो. घरात कोणीतरी आपलं बोलणारं हवं होतं.

दुसरा स्वार्थ मोठा होता. इथल्या एका कॉलेजचा कबड्डी संघ मी तयार करत असे आणि मला चढाई करणारा पोरगा हवा होता.

आमचा संघ पकडीवर जगणारा. दोन्ही कोपरे भक्कम. डावीकडचा मुलगा दिवसा कॉलेज आणि रात्री मागावर पाळी करायचा, त्याने घोट्याला हात घातला की सुटणं नाही. मधली जोडी साखळी अशी घट्ट धरायची की समोरचा आत आला तर गेलाच. चढाईला जाणाऱ्याला माझी सूचना एकच असे: निदानरेषा ओलांड, तीस सेकंदं खेळव, अंग वाचवून परत ये. गुण आपण आपल्या मैदानात घेऊ. सामने कमी गुणांचे व्हायचे, बघणारे कंटाळायचे, पण आम्ही जिंकायचो.

आता अशा संघाला चांगला चढाईपटू कशाला? बाद झालेला गडी मैदानात परत यायचा तर गुण लागतो. पकड फसली, दोन-तीन गडी एकदम बाहेर बसले, की उरलेल्या चौघांची साखळी कसली होणार? त्या वेळी पलीकडे जाऊन एखादा गुण आणून माझा कोपरा पुन्हा उभा करणारा मुलगा पाहिजे. असा प्रसंग सामन्यात दोन-चार वेळाच येतो, आणि तिथेच आम्ही हरत होतो.

अक्का रायबाग तालुक्यात दिलेली. घरात दाजी आणि मुलं कानडी, अक्का दोन्ही, आणि मामाशी सगळे मराठी. भाच्याला घरी तम्मा म्हणतात. अठरा वर्षांचा, सडपातळ, पायात वारं. गावच्या जत्रेतल्या सामन्यात त्याने एका चढाईत तिघांना शिवून परत येताना मी पाहिला होता. त्याला दक्षिण कन्नडातल्या एका कॉलेजातूनही बोलावणं होतं, राहण्या-जेवणासकट. तिकडे त्याला मनसोक्त चढाया मिळाल्या असत्या.

जेवण झाल्यावर त्याने विचारलं, पण माझ्याकडे न बघता वडिलांकडे बघून आणि कानडीत: "ना याक बरबेकु?" मी का यावं?

मी म्हणालो, "तू आमचा मुख्य चढाईपटू असशील." ते खोटं नव्हतं. आमच्याकडे दुसरा नव्हताच. पण मुख्य चढाईपटूच्या वाट्याला आमच्याकडे किती चढाया येतात आणि त्यातल्या किती मी त्याला रिकाम्या परत यायला सांगणार आहे, ते मी बोललो नाही. अक्का म्हणाली, "मामा हाय की तिथं." झालं. मिरजेहून आम्ही गाडी धरली.

पहिलं वर्ष कसं गेलं ते लिहायला आजही जड जातं. सकाळी लोचो खाऊन पोरगा आनंदात मैदानावर यायचा आणि संध्याकाळी गप्प होऊन परतायचा. सामन्यात त्याच्या सहा-सात चढाया व्हायच्या, त्यातल्या चार-पाच माझ्या सांगण्यावरून रिकाम्या. एकदा राहवलं नाही म्हणून आत घुसला, दोन गुण आणले, आणि मी सगळ्यांसमोर ओरडलो, कारण आम्ही पाच गुणांनी पुढे होतो. विद्यापीठाच्या संघासाठी निवड चाचणी झाली, तिथे त्याचा नंबर लागला नाही. निवडणाऱ्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. चढाईपटूचे गुण बघतात, आणि याच्या नावावर गुण कुठे होते? त्या रात्री अक्काचा फोन आला. नेहमीसारखं "ऊटा आतेनु?" विचारलं, तम्माची चौकशी केली, आणि निवडीबद्दल अवाक्षर काढलं नाही. ते जास्त लागलं.

२०१७ साली प्रो कबड्डीत गुजरात फॉर्च्यून जायंट्स हा नवा संघ उतरला. फझल अत्राचली आणि अबोझर मिघानी हे दोन इराणी कोपरे, सगळा भरवसा पकडीवर. कर्णधार मात्र चढाईपटू, आणि तोही कर्नाटकचा सुकेश हेगडे! आमच्या घरात टीव्हीसमोर मामा-भाचे मांडी घालून बसायचो. या स्पर्धेत सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर गडी बाद. म्हणजे संथ खेळणाऱ्या संघालाही शेवटी चढाईपटूकडेच यावं लागतं. तम्मा ते बघताना पुढे सरकून बसायचा. गुजरात पहिल्याच वर्षी अंतिम सामन्यात पोहोचला आणि तिथे पाटण्याच्या प्रदीप नरवालने पकडीचा भुगा केला, ५५-३८. पुढच्या मोसमाच्या अंतिम सामन्यात, जानेवारी २०१९ मध्ये, बेंगळुरूच्या पवन सेहरावतने एकट्याने २२ गुण घेतले आणि गुजरात ३८-३३ असा पुन्हा हरला. दाजींना बेंगळुरूचा आनंद, आम्हा दोघांना दुःख. फोनवर बरीच चेष्टा झाली.

याच सुमारास मुलगी-जावई अटलांटाला होते. जावयाला अमेरिकन फुटबॉलचं वेड. तिथल्या जॉर्जिया टेक कॉलेजचा संघ पॉल जॉन्सन या प्रशिक्षकाच्या काळात, २००८ ते २०१८, चेंडू फेकण्याऐवजी छातीशी धरून पळत पुढे नेणारा होता. लांब पळत जाऊन फेकलेला चेंडू झेलणाऱ्या खेळाडूला तिथे क्वचित चेंडू मिळे. बाकी वेळ पळणाऱ्याची वाट मोकळी करायला समोरच्यांना अडवत राहायचं. "मग अशा ठिकाणी झेलणारा येतो कशाला?" मी विचारलं. जावयाने डेमॅरियस थॉमसचं नाव सांगितलं. तो जॉन्सनच्या आधीपासून तिथे होता, पद्धत बदलल्यावरही थांबला. २००९ च्या मोसमात त्याने फक्त ४६ झेल घेतले, पण यार्ड काढले १,१५४, म्हणजे झेलीमागे पंचवीस. समोरचे सगळे पळणाऱ्याला धरायला पुढे येत आणि मागे हा मोकळा. २०१० मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत पहिल्याच फेरीत डेन्व्हरने त्याला उचललं.

गोष्ट मला फार आवडली आणि दोन दिवस मी ती मनात घोळवली. मग लक्षात आलं, ही सांगून आणखी दहा पोरं गोळा करता येतील. एका थॉमसमागे नुसतं अडवत राहिलेले किती, ते कोण मोजतं? मी तम्माला ती सांगितली तेव्हा तो म्हणाला, "मामा, हे तुम्ही रायबागला सांगायला पाहिजे होतं. आणि सहा चढायांचंही."

तो तीन वर्षं राहिला. कोपऱ्यात उभं राहायला शिकला, शेवटच्या वर्षी संघाचा कर्णधार झाला. पोलीस भरतीत खेळाडू म्हणून जायचं त्याचं स्वप्न मात्र राहिलं. आता गावाकडे शाळेत खेळ शिकवतो.

२०१९ च्या जूनमध्ये मुधोळकडच्या एका मुलाच्या घरी आम्ही दोघे गेलो. मी गप्प बसलो. तम्मानेच कानडीत सगळं मांडलं: चढाया किती, त्यातल्या रिकाम्या किती, मामा ओरडतात केव्हा, निवड चाचणीत काय होऊ शकतं, आणि गडी बाहेर बसलेले असताना गुण आणला की कोपऱ्यातला पोरगा पाठीवर कशी थाप मारतो. मुलाची आई दारात उभी राहून ऐकत होती. मुलगा म्हणाला, "नाळे हेळ्तीनि." उद्या सांगतो.

दुसऱ्या दिवशी फोन आला. तो धारवाडला जाणार होता. मी जरा हिरमुसलो. तम्मा म्हणाला, "जाऊ दे मामा, त्याला चढाया पाहिजेत," आणि चहा टाकायला आत गेला.