रावेरच्या केळीचे बंदर

भुसावळहून खांडव्याकडे निघालेली गाडी सावदा, निंभोरा मागे टाकून रावेरला पोहोचेपर्यंत केळीच्या बागा तिची सोबत करतात. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी आणि मध्ये ही कसदार भूमी. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. तरीही या तालुक्याचे भवितव्य आता बंदराशी जोडले जात आहे.

येथील केळीचा जुना मार्ग रेल्वेने दिल्लीच्या बाजारपेठेकडे जातो. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन लाभले आणि २०२१ मध्ये रावेर तालुक्यातील तांदलवाडीची २२ टन मानांकित केळी दुबईस रवाना झाली. निर्यातीसाठी घडाच्या फण्या वेगळ्या करून, धुऊन, खोक्यांत भरून सुमारे १३ अंश तापमानाच्या शीत कंटेनरमध्ये ठेवाव्या लागतात. उष्णता वाढली तर फळ वाटेतच पिकू लागते. थंडी अधिक झाली तर साल काळवंडते. लोखंड गोदीत आठ दिवस पडून राहिले तर व्याज वाढते. केळी पडून राहिली तर मुद्दलच बुडते.

१९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा शेवा बंदराचा विस्तार होत गेला. त्याच्या चौथ्या कंटेनर टर्मिनलचा पहिला टप्पा २०१८ मध्ये सुरू झाला. आता पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण येथे ७६,२२० कोटी रुपयांचे नवे बंदर उभे राहणार आहे. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यास मंजुरी दिली. प्रत्येकी एक हजार मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनले तेथे नियोजित आहेत. त्यासाठी सुमारे १,४४८ हेक्टर समुद्र भरला जाईल. किनाऱ्यावरील मच्छीमारांनी या बंदरास दीर्घकाळ विरोध केला आहे. रावेरच्या नफ्याचा ताळेबंद मांडताना त्यांच्या जाळ्यांची हानी खर्चाच्या बाजूस लिहिलीच पाहिजे. ती वगळून दाखविलेला नफा खोटा ठरेल.

खानदेशास मात्र वाढवणचा एक लाभ सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. न्हावा शेव्याकडे जाणारा माल कसाऱ्याचा घाट उतरतो. वाढवणसाठी जळगाव, अमळनेर, नंदुरबारमार्गे उधन्यास जाणारा तापी खोऱ्यातील दुहेरी लोहमार्ग आहे; उधन्याहून दक्षिणेस वळले की डहाणू. घाट नाही, मुंबईची गर्दी नाही. परंतु त्या मार्गावर वेळेत धावणारी शीत कंटेनरची गाडी हवी, आणि गाडीत चढण्यापूर्वी केळी थंड करणारी पुरेशी शीतगृहे रावेर-सावदा परिसरातच हवीत.