#थ्रेड : पेशव्यांचा कागद वाचता येतो, २००२ सालची फाइल वाचता येत नाही

१/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट लवकर कळते. साधन टिकले म्हणून ते वाचता येईलच असे नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत आणि मोडी जाणणारा कोणी नसेल तर ते नुसते कापडात बांधलेले गठ्ठे ठरतात. आजचा धागा मात्र फार अलीकडच्या साधनांविषयी आहे. साधारण १९९० ते २०१० या काळात संगणकावर लिहिल्या गेलेल्या मराठीविषयी.

२/
शाळेत असल्यापासून मला देवनागरी फॉन्ट जमवण्याचा नाद आहे. बरोबरची मुले गाणी आणि गेम उतरवून घेत, मी फॉन्ट. एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी २००२-०३ च्या दुष्काळावर काम करताना या नादाचा अनपेक्षित उपयोग झाला. एका तालुक्याच्या साप्ताहिकाचे त्या काळातील छापील अंक पाणी लागून कुजले होते. शिल्लक होती एक सीडी.

३/
सीडी चालली, फाइलीही उघडल्या. पडद्यावर दिसली ती इंग्रजी अक्षरे, कंस, स्वल्पविराम आणि टक्क्यांच्या चिन्हांची रास. मजकुरातले एकही चिन्ह हरवले नव्हते आणि एकही शब्द वाचता येत नव्हता. असे का झाले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

४/
संगणक अक्षरे साठवत नाही, क्रमांक साठवतो. कोणता क्रमांक कोणत्या अक्षराचा, याचा करार म्हणजे संकेतप्रणाली. १९६३ साली अमेरिकेत ठरलेल्या ‘आस्की’ या करारात १२८ जागा होत्या. त्यांत इंग्रजी अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि काही यांत्रिक आज्ञा बसल्या. देवनागरीला तिथे जागा असण्याचे कारणच नव्हते.

५/
भारतीय उत्तर होते ‘इस्की’. पहिल्या १२८ जागा आस्कीच्या, पुढच्या १२८ भारतीय लिप्यांच्या. साऱ्या ब्राह्मीजन्य लिप्यांना एकच आराखडा, म्हणजे देवनागरीतील ‘क’ आणि बंगालीतील ‘क’ यांचा क्रमांक एकच. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली हे मानक प्रसिद्ध केले. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले ‘जिस्ट’ तंत्र पुण्याच्या सी-डॅकने वाढवले, आणि जिस्ट कार्ड बसवलेल्या संगणकावर मराठी उमटू लागली.

६/
म्हणजे करार होता. तरीही छपाईच्या धंद्याने तो फारसा पाळला नाही. याला धंद्याचे कारण होते. डीटीपीवाल्याला अंक वेळेवर छापून हवा असे, आणि पेजमेकरसारख्या आज्ञावलींना जोडाक्षर कसे घडते याचे ज्ञान नव्हते. त्यांना डावीकडून उजवीकडे एकापुढे एक आकृत्या मांडता येत, तेवढेच.

७/
मग एक युक्ती निघाली. इंग्रजी अक्षराच्या जागी फॉन्टमध्ये देवनागरी आकृती बसवायची. संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजी ‘के’, डोळ्यांना दिसतो ‘क’. अर्धा क, काना, वेलांटी, रफार यांसाठी अशीच एकेक जागा. श्री-लिपी, आकृती, शुषा, सी-डॅकचे योगेश आणि सुरेख : त्या काळची मराठी छपाई या नावांवर उभी होती. मराठी मजकूर संगणकावर घराघरांत आणि गावोगावच्या छापखान्यांत पोचला तो यांच्यामुळे, हे ऋण मान्य करायलाच हवे.

८/
अडचण अशी की प्रत्येकाची मांडणी निराळी होती. एका फॉन्टमध्ये जिथे ‘म’, तिथे दुसऱ्यात ‘श’ची अर्धी आकृती. फॉन्ट हाताशी असेपर्यंत मजकूर मराठी आणि फॉन्ट गेला की निरर्थक चिन्हे. काही आज्ञावली डाँगल लावल्यावाचून चालत नसत. डाँगल हरवले, संगणक भंगारात गेला, की किल्लीही गेली.

९/
युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालची. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ सालच्या आराखड्यावर आधारलेली आहे. सामान्य माणसाच्या संगणकावर ती आली ‘विंडोज २०००’ बरोबर. त्यातला ‘मंगल’ हा फॉन्ट र. कृ. जोशी या मराठी सुलेखनकाराने घडवलेला. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. छापखान्यांत मात्र जुने फॉन्ट पुढेही अनेक वर्षे नांदत राहिले.

१०/
युनिकोडनेही मराठीचे सगळे प्रश्न एकदम सुटले नाहीत. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे शब्द पाहा. पहिला विद्वानांसाठी, दुसरा स्वयंपाक्यांसाठी. हा भेद हिंदीला लागत नाही, मराठीचे त्यावाचून अडते. द्राविडी भाषांतील एका ध्वनीच्या लिप्यंतरासाठी ठेवलेले ‘ऱ’ हे अक्षर अखेर आपल्या कामी आले. पण हाच आकार साधा ‘र’ आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरूनही लिहिता येतो. दिसायला सारखे, आतले क्रमांक वेगळे.

११/
‘ॲ’ची कथाही अशीच. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००८ साली. तोवर ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवले जाई, आणि आजही अनेक जण तसेच लिहितात. एखाद्या संग्रहात ‘ॲडमिशन’ शोधले आणि काहीच मिळाले नाही, तर तो शब्द तिथे नाही असा निष्कर्ष काढू नये. दुसऱ्या पद्धतीने लिहून पुन्हा शोधावे. संशोधनात असा एक चुकीचा ‘नाही’ फार महागात पडू शकतो.

१२/
आता पुन्हा त्या सीडीकडे. बातम्यांचा फॉन्ट माझ्या संग्रहात निघाला. तरीही नुसती अक्षराला अक्षर अदलाबदल पुरत नाही. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी लिहिलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचे याच्या उलट. प्रत्येक जोडाक्षर ओळखून चिन्हे हलवावी लागतात. अशी परिवर्तके अनेक हौशी प्रोग्रामरांनी फावल्या वेळात लिहून फुकट वाटली आहेत. त्यांतल्याच एकात दुरुस्त्या करून माझे काम झाले.

१३/
शीर्षकांचा फॉन्ट मात्र मिळाला नाही. एका जुन्या वर्गणीदारांनी चार कात्रणे जपून ठेवली होती. छापील शीर्षके फाइलीतील चिन्हांशी ताडून एकेक खूण लावत गेलो. आठ दिवसांनी चारा छावण्या, रोजगार हमीची थकलेली मजुरी आणि टँकरच्या फेऱ्या पडद्यावर आल्या. मला सापडलेल्या सरकारी अहवालांत त्या गावांची नावे नव्हती, या बातम्यांत होती. कात्रणे नसती तर त्यांतली अर्धी माहिती तारखेविना आणि शीर्षकाविना राहिली असती.

१४/
हा प्रश्न आज अधिक निकडीचा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मंजूर केला आणि प्राचीनतेची चर्चा भरपूर झाली. दुसरीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे जमेल तेवढा मजकूर वाचून भाषा शिकत आहेत. ज्या फाइलीला यंत्र मराठी म्हणून ओळखतच नाही, ती त्याच्या वाचनात येणार नाही. छोटी साप्ताहिके, दिवाळी अंक, ग्रामपंचायतींच्या स्मरणिका यांची भाषा अशी आपोआप वगळली जाते.

१५/
मोडीचे उदाहरण इथे धीर देणारे आहे. २०१४ साली तिला युनिकोडमध्ये जागा मिळाली. ती वाचली, कारण शिकवणारे आणि शिकणारे टिकले. जुन्या फॉन्टचे जाणकार आज पन्नाशी-साठीत आहेत. ते डीटीपी ऑपरेटर आहेत, त्यांना कोणी इतिहासाचे साधन मानत नाही. कोणता फॉन्ट कोणत्या छापखान्यात चालत असे, हे त्यांना तोंडपाठ असते. त्यांच्या मुलाखती आताच व्हायला हव्यात.

१६/
आपल्या घरी, छापखान्यात वा संस्थेत जुन्या सीडी, फ्लॉपी असतील तर टाकू नका. फाइलीबरोबर फॉन्टची फाइलही जपा. फॉन्टचे नाव कागदावर लिहून ठेवा. एखादे छापील पान सोबत ठेवा. रूपांतर केलेत तरी मूळ फाइल पुसू नका, कारण रूपांतरात चुका राहतात आणि त्या तपासायला मूळच लागते. फॉन्ट ओळखता येत नसेल तर इथेच नमुना टाका. संग्रहात असेल तर सांगेन.

#इतिहास #मराठी